खेचराला पोळा नसतो

वैशाखात तापीकाठी दुपारी बाराच्या पुढे माणूस सावली सोडत नाही. नेमक्या त्या वेळेला एखाद्या वीटभट्टीवर एखादं खेचर ओझ्यासकट कोसळतं, कुणीतरी फोनवर त्याचं चित्रण करतं आणि दोन दिवसांत धुळ्यापासून भुसावळपर्यंत ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मग वाद पेटतो. गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी अशाच एका बैठकीला मी बसलो होतो. एका बाजूची मागणी होती की ओझ्याच्या जनावरांवर सरसकट बंदी घाला. दुसरी बाजू म्हणत होती की हे बापजाद्यांपासून चालत आलंय, तुम्ही यात पडू नका. दोन तास आवाज चढत गेले. पण त्या खेचराच्या पाठीवर किती विटा होत्या, त्याला पाणी कुठे पाजतात, दुपारी सोडतात की नाही, हजार विटा वाहिल्यावर त्याच्या मालकाच्या हातात काय पडतं, यांतला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. खेचरावरून भांडण चाललं होतं आणि खेचराकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बंदी नको. ओझ्याच्या जनावरांसाठी या देशाने १९६५ सालीच नियम केलेले आहेत. ते भट्टीच्या परवानगीत अट म्हणून उतरवा आणि ते मोडले तर जाब भट्टीमालकाला विचारा. आणि ज्या दिवशी यंत्र खेचराची जागा घेईल, त्या दिवसासाठी जनावराची व त्याला पाळणाऱ्याची सोय आजपासून लावा. परंपरा टिकावी म्हणून मी हे म्हणत नाही. खेचर हे जनावरच असं आहे की त्याच्याबाबतीत माणसाला 'हे निसर्गाचं आहे' असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

गाढव बाप आणि घोडी आई, यांचं पोर म्हणजे खेचर. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२ आणि खेचराची ६३. हा विषम आकडा जोडीने वाटला जात नाही, म्हणून खेचराला वंश नाही. फार क्वचित मादी खेचर व्याल्याच्या नोंदी आहेत, पण त्या अपवादाच्याच. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गाय, शेळी, अगदी गावातलं भटकं कुत्रंही माणूस नसला तरी आपली पिढी पुढे नेईल. खेचर नेणार नाही. जगात जन्मलेलं जवळपास प्रत्येक खेचर कुणातरी माणसाच्या मनात 'मला वाहायला पाठ हवी' असं आलं म्हणून जन्मलेलं आहे. ज्याला आपण मुद्दाम जन्माला घातलं, त्याच्या हालांना जबाबदार कोण?

हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून बोचत असावा, कारण खेचराच्या वांझपणाच्या कथा त्याने ठिकठिकाणी रचल्या आहेत. ऐतरेय ब्राह्मणात देवांची शर्यत आहे. अग्नी अश्वतरींच्या, म्हणजे मादी खेचरांच्या, रथातून धावला. त्यांना हाकताना त्याने त्यांची योनी जाळली, म्हणून त्या विणत नाहीत, असं ते ब्राह्मण सांगतं. उषा तांबड्या गाईंच्या रथातून आली, इंद्र घोड्यांच्या रथातून आला, आणि शर्यत जिंकली ती अश्विनीकुमारांनी, गाढवांच्या रथातून! त्या धावेत गाढवाचा वेग सरला म्हणून ते आज सगळ्या वाहनांत मंद आहे, पण त्याच्या बीजाचं बळ देवांनी घेतलं नाही, म्हणून ते 'द्विरेता' राहिलं. गाढवीलाही आणि घोडीलाही त्याच्यापासून पोर होतं, हे निरीक्षण त्या काळच्या माणसाने किती बारकाईने करून ठेवलं होतं पाहा. मला या कथेतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. इथे खेचराच्या वांझपणाचा दोष खेचराकडे नाही. तो हाकणाऱ्याकडे आहे. शर्यत जिंकायच्या घाईत हाकणाऱ्याने जनावर जाळलं, असं ही कथा स्वच्छ सांगते. दुपारी दोन वाजता भट्टीवर उभं राहून ती वाचावी.

पुढे मात्र आपण हे विसरलो आणि दोष जनावरावर टाकला. 'गर्भमश्वतरी यथा', खेचरीने गर्भ धरावा तसा आपला मृत्यू ओढवून घेणं, ही उपमा संस्कृत नीतिवचनांत रुळली. ग्रीकांकडे हीरोडोटस बाबिलोनच्या वेढ्याची गोष्ट सांगतो. तटावरचा एक जण वेढा घालून बसलेल्या इराणी राजा दरायसच्या सैन्याला हिणवून म्हणाला, खेचर विईल तेव्हा तुम्ही हे शहर घ्याल. विसाव्या महिन्यात झोपायरस नावाच्या सरदाराचं खेचर खरोखर व्यालं. त्याने तो शकुन मानला, स्वतःचं नाक-कान कापून घेतले, शत्रूच्या गोटात शिरून त्यांचा विश्वास मिळवला आणि वेशी उघडून दिल्या. रोमनांकडे 'खेचर व्यालं की' म्हणजे 'कधीच नाही'. इतक्या दूरदूरच्या लोकांनी या जनावराला अशक्याचं चिन्ह करून टाकलं. पण त्याच काळात ते राजांच्या घरी मानाचंही होतं. छांदोग्य उपनिषदात जानश्रुती राजा गाड्याखाली बसलेल्या रैक्वाकडे विद्या मागायला जातो तेव्हा सहाशे गाई, सुवर्णहार आणि अश्वतरी जोडलेला रथ घेऊन जातो. बायबलात दाविद राजाने आपल्या गादीचा वारस जाहीर केला तो शलमोनाला स्वतःच्या खेचरावर बसवून. पैगंबरांची दुलदुल खेचरीच होती. ज्याला अपशब्द केलं, त्याच्याच पाठीवर मोठ्यांनी भरवसा टाकला.

आपल्या मराठीत तर हा अपशब्द एका संताच्या नावातच बसलेला आहे. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून आडवा आलेला विसोबा चाटी, ज्ञानेश्वरांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले जाताना पाहून विरघळला आणि त्यांच्या उष्ट्यावर तुटून पडला. तेव्हा भावंडांच्या तोंडून 'दूर हो खेचरा' असे शब्द निघाले, अशी कथा आहे. विसोबाने ते शब्द पुसून टाकले नाहीत. ते नाव म्हणून लावले आणि पुढे तोच विसोबा खेचर नामदेवांचा गुरू झाला. काही अभ्यासक हे नाव योगातल्या खेचरी मुद्रेशी जोडतात, तेही असेल. पण लोकांच्या तोंडी टिकली ती खापराचीच गोष्ट. मुक्ताई जिथे विजेत लुप्त झाली ते मेहूण आपल्या जळगाव जिल्ह्यात, तापीकाठी. खानदेशातल्या माणसाने तरी 'खेचर' ही शिवी देताना हे आठवावं.

आता बंदीवाल्यांचं म्हणणं, आणि ते हलकं नाही. पहिला मुद्दा उन्हाचा. १९६५चे नियम सांगतात की पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन ओझ्याच्या जनावराला कामाला लावायचं नाही. खानदेशात मार्च सरता सरता पारा तिथे पोचतो आणि मृग लागेपर्यंत खाली उतरत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४४-४५ अंश हे नित्याचं. म्हणजे वीटभट्टीचा ऐन हंगाम आणि नियमातली मनाई ही एकाच वेळेला येतात, आणि रोज मोडली जाते ती मनाईच. दुसरा मुद्दा शिक्षेचा. १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोन माणसांचा नाश्ता होत नाही. तिसरा मुद्दा इतिहासाचा. १९४४ साली ब्रह्मदेशात ब्रिटिश फौजेने जपानी फळीच्या मागे उतरवलेल्या खेचरांचा आवाज शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करून त्यांना मुकं केलं होतं. ओरडायचाही हक्क काढून घेतला! आणि केदारनाथच्या वाटेवर काय चालतं ते यात्रेला जाऊन आलेल्या खानदेशातल्या शेकडो कुटुंबांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२५च्या मे महिन्यात साथीच्या आजारामुळे तिथली घोड्या-खेचरांची वाहतूक थांबवावी लागली, तोवर त्यांच्या श्वासाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जो नियम साठ वर्षांत पाळता आला नाही, तो उद्या पाळला जाईल यावर विश्वास का ठेवावा? हा प्रश्न रास्त आहे.

पण मग बंदी तरी पाळली जाईल यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? बारा ते तीन काम बंद आहे का, एवढं पाहायला ज्या यंत्रणेला माणूस मिळत नाही, तिला चोवीस तासांची बंदी राबवायला माणूस कुठून मिळेल? बंदी आली की खेचर दिसेनासं होईल, एवढं नक्की. रात्री काम करेल, आडवाटेच्या भट्टीवर जाईल, आजारी पडलं तर मालक त्याला दवाखान्यात नेणार नाही, कारण ते जनावर बाळगणंच गुन्हा झालेलं असेल. आणि जे विकलं जाईल त्याचं काय? गाढवांच्या कातडीला चीनमध्ये औषधासाठी एवढी मागणी आहे की २०२४च्या फेब्रुवारीत आफ्रिकी देशांच्या संघाला सगळ्या खंडात हा व्यापार थांबवण्याचा ठराव करावा लागला. ज्या जनावराला काम नाही, पोर नाही आणि ज्याच्या चाऱ्याची जबाबदारी कुणावर नाही, ते बंदीनंतर हिरव्या कुरणात जातं असं समजणं भाबडेपणाचं आहे.

ओझं उचलायचं काम बंदीने संपत नाही, ते फक्त दुसऱ्या पाठीवर जातं. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात असे पाडे आहेत जिथून आजही अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून चार माणसं खाली आणतात. तिथे रेशनचं पोतं कोण वाहतं? बाई डोक्यावर वाहते. मला कुणी म्हणेल की तिथे खेचर नको, रस्ता हवा. शंभर टक्के मान्य, आणि खेचर आहे म्हणून रस्ता लांबणीवर टाकणाऱ्याला मी माफ करणार नाही. पण रस्ता येईपर्यंतच्या काळात चार पायांचं ओझं काढून दोन पायांवर टाकलं तर दया कुणावर झाली?

यापूर्वी याच मुलखात ओझ्याची जनावरं एकदा संपली आहेत आणि ती संपताना माणसांचं काय झालं हेही आपल्याला ठाऊक आहे. बुऱ्हाणपूर-सुरतेची वाट शतकानुशतकं बंजाऱ्यांच्या बैलांच्या खुरांनी मळलेली होती. मीठ, धान्य, कापूस सगळं तांड्याच्या पाठीवरून जायचं. १८०३ साली असईच्या लढाईच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीचं सैन्य जेवलं ते बंजाऱ्यांनी आणलेल्या धान्यावर, आणि त्याच वर्षी बुऱ्हाणपूर आणि असीरगड इंग्रजांकडे गेले. पुढे साठेक वर्षांत भुसावळला रेल्वे आली. रेल्वेने बैल वाचवले असं कुणी म्हणू शकेल. पण बैल हाकणाऱ्याला काय दिलं? १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि त्याच्या जाळ्यात देशात ठिकठिकाणच्या बंजारा टोळ्याही ओढल्या गेल्या. काल ज्याच्यावाचून फौज हलत नव्हती, त्याला आज चौकीवर हजेरी द्यावी लागली. आजच्या वीटभट्टीवर खेचर-गाढवं घेऊन येणारा माणूस कोण आहे ते पाहा: कुंभार, बेलदार, वडार. त्यांच्यापैकी कितीकांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा निकालात पुनर्वसनाचा विचार होता, तरी ते प्रत्यक्षात यायला फार काळ रेंगाळलं. ते तर राजधानीत, वर्तमानपत्रांच्या डोळ्यांसमोर. शहादा-चोपड्याच्या भट्टीवरच्या माणसाची दखल कोण घेणार?

परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी इथे खूश होऊ नये. त्यांचा सगळा युक्तिवाद 'खेचर हट्टी असतं, त्याला मार लागतोच' यावर उभा आहे. हे साफ खोटं आहे. डार्विनने दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांत खेचरांचे तांडे पाहिले आणि लिहून ठेवलं की आईबापांपेक्षा अधिक समज, स्मरण, माया, चिकाटी आणि आयुष्य या संकराला मिळालं आहे. इथे माणसाच्या कलेने निसर्गावर मात केली. त्या वाटांवर गळ्यात घंटा बांधलेली एक घोडी पुढे चालते आणि सारी खेचरं तिच्यामागे जातात, रात्री चरायला सोडली तरी सकाळी घंटेच्या नादावर परत येतात. आईच्या जातीचा हा ओढा. घोडा मालकाच्या टाचेला भिऊन छाती फुटेस्तोवर धावेल. खेचर पाय घसरेल अशा कड्यावर थांबतं आणि पेलणार नाही असं ओझं घेऊन उठत नाही. आमच्या गावी एक आबा होते, कुंभारवाड्यातले, त्यांच्याकडे एकच खच्चर. ते म्हणायचे, "याले समदं समजस, दादा. वझं जास्ती व्हयनं का हाऊ जागेवरथून हालत नही. मंग मीच समजी लेस." त्यांनी कधी काठी उगारलेली मी पाहिली नाही. ज्याला लोक हट्ट म्हणतात ती त्या जनावराची तक्रार असते, आणि तिला मार हे उत्तर देणं ही कसली परंपरा?

आणि परंपरेचंच बोलायचं तर ती खेचराच्या वाट्याला कधी आली? पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो, झूल घालतो, पुरणपोळी भरवतो. शर्यतीवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा बैलासाठी राज्याने २०१७ साली कायदा दुरुस्त केला आणि २०२३ साली घटनापीठाकडून तो टिकवून आणला. घोड्याला सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेत लोक त्याच्या केसांतले भोवरे मोजतात, देवमण हा शुभ भोवरा शोधतात, रक्ताची शुद्धता विचारतात. खेचराचे भोवरे कुणी मोजत नाही. त्याला यात्रा नाही, सण नाही, त्याच्या नावाने मत मागणारा कुणी नाही. एकनाथांची गोष्ट आपण सगळे सांगतो, रामेश्वराला न्यायची कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी लावली. ही खरी परंपरा. नाथांनी त्या वाळवंटात गाढवाला पाणी दिलं; गाढव कुणाचं, त्याला शिक्षा काय, याची चौकशी मांडली नाही. दोन्ही बाजूंनी ती गोष्ट पुन्हा ऐकायला हवी.

मग मारामार नेमकी कुठे आहे? ती भावात आहे. भट्टीवर खेचरवाल्याला रोज मिळत नाही, हजार विटांचा भाव मिळतो, तोही हंगामाच्या आधी घेतलेल्या उचलीतून वळता होतो. नियमाप्रमाणे गाढवाच्या पाठीवर ५० किलो, तट्टावर ७० आणि खेचरावर २०० किलो चालतात. वीट साधारण तीन किलोची धरली तर गाढवाला सोळा, तट्टाला तेवीस, खेचराला पासष्टच्या आसपास. आता एका फेरीत आणखी दहा विटा टाकल्या तर उचल आठ दिवस आधी फिटते. पोरांना घेऊन पालात राहणाऱ्या माणसासमोर हा हिशेब ठेवला आणि मग त्याला क्रूर म्हटलं, तर आपण कोण? इथे नियमातही खोट आहे. बैलासाठी त्याने लहान, मध्यम, मोठा असे तीन आकडे दिले, १००, १५० आणि १७५ किलो. खेचराला मात्र एकच. पहाडी तोफखान्याचं उंच खेचर आणि लहानशा तट्टाणीच्या पोटी आलेलं भट्टीवरचं खेचर यांना एकच २०० किलो कसे? हा आकडा खेचराच्या उंचीप्रमाणे बदलायला हवा, आणि ही मागणी प्राणिमित्रांनी आजवर जोर लावून करायला हवी होती.

यंत्राबद्दल फार लिहीत नाही, कारण ते येणारच आहे. २०१९च्या पशुगणनेत देशभरात खेचरं ८४ हजार उरली, सात वर्षांत निम्म्याहून अधिक घटली. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सेनादिनाच्या संचलनात चार पायांची यंत्रं चालली, त्यांनाही लोक खेचरच म्हणाले. कारगिलच्या उंचीवर दारूगोळा चढवणाऱ्या पाठीचं नाव लोखंडाला मिळालं. मला आनंदच आहे. पण अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांना चाळीस एकर जमीन आणि सैन्यातलं एक खेचर देण्याचं वचन मिळालं होतं आणि ते त्याच वर्षी मागे घेतलं गेलं, हे मी विसरू शकत नाही. स्वातंत्र्य म्हणजे जमीन आणि ती नांगरायला एक जनावर, इतकं साधं गणित त्या लोकांनी मांडलं होतं. आपल्या भट्टीवरच्या माणसाकडे जमीन नाहीच. एक जनावर आहे. ते काढून घेताना त्याच्या हातात काय ठेवणार, ट्रॅक्टरचं कर्ज की पुन्हा उचल?

भट्टीला मातीसाठी महसूल खात्याची परवानगी लागते, स्वामित्वधन भरावं लागतं. त्याच कागदावर चार अटी लिहा. जनावरांसाठी छपराची सावली आणि पाण्याचा हौद. मार्च ते जून दुपारी बारा ते तीन काम बंद, आणि त्या तीन तासांमुळे भाव कमी करायचा नाही. महिन्यातून एकदा पशुवैद्यकाची भेट आणि पाठीवर जखम असलेल्या जनावराला सुट्टी. अट मोडली तर परवानगी भट्टीमालकाची जाईल, खेचरवाल्याचं जनावर जाणार नाही. दिवाळीनंतर भट्ट्या लागतील, त्याआधी हा कागद बदलता येतो. त्यासाठी विधानसभेत जायची गरज नाही, तहसीलच्या पायऱ्या चढल्या तरी सुरुवात होते. बैठकीतल्या दोन्ही बाजूंना मी हेच सांगितलं होतं. बैठक संपल्यावर मागे उभा असलेला एक खेचरवाला जवळ आला. दोन तासांत त्याला कुणी बोलू दिलं नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, "दादा, तो हौद कोन बांधी?"